यंदाची गाणी: वर्षभराच्या आवडत्या गाण्यांची यादी कशी बांधायची

डिसेंबर लागला की मित्रमंडळींच्या ग्रुपवर प्रश्न येतोच: यंदाची तुझी गाणी कोणती? आणि आठवतात ती बहुतेक दिवाळीनंतरची. फेब्रुवारीत ज्या गाण्याने महिनाभर वेड लावलं होतं, त्याचं नावही तोंडात येत नाही. यादी चांगली व्हायची असेल तर काम जानेवारीपासून थोडं थोडं करावं लागतं. डिसेंबरात उरते ती चाळणी आणि क्रम लावणं. क्रमाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

वर्षाच्या गाण्यांचा हिशेब ठेवायची सवय मुंबईला जुनी आहे. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची आणि रेडिओ सिलोनवरून लागायची. १९५२च्या अखेरीस ती सुरू झाली. आठवड्याचा कार्यक्रम आधी, वार्षिक क्रमवारी नंतर, ही तिची पद्धत घरच्या यादीलाही तंतोतंत लागू पडते.

आधी ‘यंदा’ म्हणजे काय ते ठरवा

चित्रपटाची गाणी चित्रपटाच्या आधी कित्येक आठवडे येतात. जानेवारीत लागणाऱ्या चित्रपटाचं गाणं डिसेंबरातच वाजायला लागतं. ते कोणत्या वर्षाचं? आमचा नियम सरळ आहे: गाणं स्वतंत्रपणे ज्या तारखेला बाहेर आलं ती तारीख धरायची. अल्बम किंवा चित्रपट नंतर आला तरी ती बदलायची नाही. डिसेंबरातल्या गाण्यांवर अन्याय होतो असं वाटत असेल, तर वर्ष १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असं धरा. मात्र एकदा धरलं की दरवर्षी तेच ठेवा, नाहीतर एखादं गाणं दोनदा येतं आणि एखादं दोन्ही वर्षांतून निसटतं.

अ‍ॅपवर दिसणाऱ्या सालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुनं भावगीत कंपनीने नव्या संकलनात चढवलं की तिथे संकलनाचं साल दिसतं. त्यामुळे साठीच्या दशकातलं गाणं २०१९चं वाटू शकतं. वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रणाचा पोत जुना वाटला, की तेच गाणं इतर संकलनांत शोधा आणि सर्वांत जुनी तारीख घ्या. जुनी पण तुम्ही यंदाच पहिल्यांदा ऐकलेली गाणी वेगळ्या पानावर लिहा. ती यादी पुष्कळदा जास्त श्रीमंत निघते, पण दोन्ही एकत्र केल्या तर नव्या गाण्यांचा निभाव लागत नाही. पन्नास वर्षं टिकलेल्या गाण्यासमोर तीन महिन्यांचं गाणं उभं करणं योग्य नाही.

महिन्याची नोंद

महिन्यातला एक ठरावीक दिवस यासाठी ठेवा. शेवटचा रविवार बरा. दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतोच, बाहेर पडायची घाई नसते. त्या महिन्याची प्लेलिस्ट ‘२०२५-०३’ अशा नावाने करा. साल आधी आणि महिना दोन आकडी लिहिला की बारा याद्या आपोआप ओळीने लागतात. महिन्याला दहा-बारा गाणी पुरेत. त्याहून जास्त ठेवली तर डिसेंबरात दीडशेच्या वर गाणी समोर येतात आणि चाळणी कंटाळ्याने होते, कानाने होत नाही.

प्लेलिस्टच्या जोडीला एक साधी स्प्रेडशीट किंवा वही हवीच. रकाने असे: गाणं, गीतकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा अल्बम, तारीख, पहिल्यांदा कुठे ऐकलं, आणि का आवडलं याची एक ओळ. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. ‘मस्त’, ‘भारी’ असले शब्द डिसेंबरात काहीच सांगत नाहीत. ‘दुसऱ्या अंतऱ्यात ढोलकी थांबते आणि नुसती बासरी राहते’ असं लिहिलंत, तर ते वाचताक्षणी गाणं कानात येतं. कारण लिहिताच येत नसेल तर गाणं पुन्हा ऐका. तरीही लिहिता आलं नाही, तर ते ओळखीने आवडलं आहे, ऐकून नव्हे, असं समजायला हरकत नाही.

गीतकाराचं नाव शोधायला कष्ट पडतात. अ‍ॅप गायकाचं नाव ठळक दाखवतं आणि गीतकार आत श्रेयनामावलीत असतो, कधी नसतोच. तिथे नाही मिळाला तर कंपनीच्या अधिकृत व्हिडिओखालचं वर्णन उघडा. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं आजही सांगितली जातात. आपल्या यादीनेही तेवढं करावं.

अ‍ॅपचे आकडे कसे वाचायचे

वर्षाअखेरीस अ‍ॅप रंगीत पत्रिका देतं: तुमची सर्वाधिक वाजलेली गाणी. ती साक्षीदार म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते मोजलं जातं. म्हणजे कंटाळून चाळिसाव्या सेकंदाला पुढे ढकललेलं गाणंही तुमच्या खात्यात जमा होतं. शिवाय ही मोजणी वर्ष संपण्याच्या काही आठवडे आधी थांबते. घरात एकच खातं असेल तर बाळाची अंगाई, व्यायामाची गाणी आणि गणपतीतल्या आरत्या एकाच बेरजेत येतात. यूट्यूबवर ऐकलेलं तर या हिशेबात धरलंच जात नाही.

खरा उपयोग हवा असेल तर कच्चा तपशील मागवा. स्पॉटिफायच्या खात्यात गोपनीयतेच्या पानावर ‘एक्स्टेंडेड स्ट्रीमिंग हिस्टरी’ मागता येते. ती यायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मागणी टाका. यूट्यूबचा इतिहास गूगल टेकआउटमधून मिळतो. तिथे एचटीएमएलऐवजी जेसन हा प्रकार निवडा, कारण तो स्प्रेडशीटमध्ये घेता येतो. स्पॉटिफायच्या फाइलीत प्रत्येक वेळी गाणं किती मिलिसेकंद वाजलं याचा रकाना असतो. ६०,०००पेक्षा, म्हणजे एका मिनिटापेक्षा, कमी असलेल्या ओळी काढून टाका. मग एकूण वेळा मोजू नका; गाणं किती वेगवेगळ्या महिन्यांत वाजलं ते मोजा. एका आठवड्यात साठ वेळा वाजून नंतर गायब झालेलं गाणं आणि सात महिने अधूनमधून परत येणारं गाणं यांत दुसरं तुमचं आहे. वर्षाच्या शेवटी आलेल्या गाण्यांना महिनेच कमी मिळतात, तेव्हा ऑक्टोबरनंतरच्या गाण्यांना हा नियम लावू नका.

चाळणी

सव्वाशे गाण्यांवरून चाळीसवर पहिल्याच फेरीत या. नाव बघून गाणं आठवत नसेल तर अर्धा मिनिट ऐका. तरी ओळख पटली नाही तर काढा. चाळीसवरून अठरावर (अठराच का, ते पुढे ‘क्रम’मध्ये येतं) येणं मात्र सावकाश करा, दोन आठवडे द्या.

इथे मुंबईत एक खास अडचण येते. आपलं बहुतेक ऐकणं प्रवासात होतं. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीशी उभं राहिलात तर गाडीची खालच्या पट्टीतली घरघर तानपुरा, बास आणि तबल्याचा डग्गा सगळं झाकून टाकते. गाडीने वेग घेतला की ज्या गाण्यात आवाज एकसारखा दाबून भरलेला असतो, तेवढंच नीट ऐकू येतं. हळू सुरू होणारी गझल, नुसत्या स्वरमंडलावरचं गाणं, कुजबुजत म्हटलेला अंतरा तिथे हरतो. आवाज कमी करणारे इअरफोन घरघर कापतात, पण शेजारच्यांच्या गप्पा पूर्ण कापत नाहीत. तेव्हा उरलेली चाळीसही गाणी एकदा घरी, रात्री दहानंतर, पंखा मंद करून स्पीकरवर ऐका. यादीतली चार-पाच नावं या एका फेरीत बदलतात. डब्यात आवाज चढवून ऐकणं कानालाही महाग पडतं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि आवाज वाढला की ते तास झपाट्याने कमी होतात.

सणांच्या गाण्यांना वेगळी परीक्षा लावा. दहीहंडीच्या आधी गोविंदाची, गणपतीच्या आधी बाप्पाची आणि नवरात्रात गरब्याची नवी गाणी ढिगाने येतात. मंडपाच्या भोंग्यावरून दहा दिवस तेच तेच कानावर पडलं की ते आवडतंय असं वाटायला लागतं. विसर्जनानंतर महिनाभर ते अजिबात लावू नका, मग एकदा ऐका. मंडपाबाहेर, ढोल-ताशाशिवाय, आश्विनातल्या एखाद्या साध्या दुपारीही ते उभं राहिलं तर बिनधास्त घ्या. अशी गाणी यादीत नकोत हे म्हणणं आम्हाला पटत नाही. या शहराचं वर्ष त्यांच्याशिवाय पुरं होत नाही.

एका गायकाचं किंवा संगीतकाराचं एकच गाणं घ्यायचं, अगदी जड गेलं तर दोन. आणि अठराच्या अठरा गाणी चित्रपटातली निघाली तर थांबा. बाहेरचं ऐकायचं राहिलं आहे. एनसीपीए आणि महालक्ष्मीचं जी-फाइव्ह-ए ही कलाकेंद्रं, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम, नव्या संगीत नाटकांचे प्रयोग इथे कानावर पडलेली नावं अ‍ॅपच्या शिफारशींत सहसा येत नाहीत. कार्यक्रमात आवडलेलं गाणं अजून ध्वनिमुद्रित झालेलं नसेल तर त्याची नोंद ठेवा, जागा पुढच्या वर्षी द्या.

क्रम

लांबी आधी ठरवा: ७४ मिनिटं, ३७-३७चे दोन भाग. कॅसेटच्या जमान्यात सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची असायची. ए साइड आणि बी साइड वेगळ्या विचाराने भरल्या जायच्या. तो विचार आजही कामाचा आहे. ठाण्याहून जलद गाडीने सीएसएमटीला साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. एक बाजू जाताना, दुसरी येताना. पनवेलहून येणाऱ्याला एका फेरीत पूर्ण यादी मिळते. सरासरी चार मिनिटांचं गाणं धरलं तर एका बाजूला नऊ गाणी बसतात.

पहिलं गाणं असं हवं की वीस सेकंदांत ते आपल्या रंगात आलेलं असेल. दीड मिनिटाच्या आलापीने सुरू होणारं गाणं कितीही सुंदर असलं तरी पहिलं ठेवू नका. ऐकणारा अजून पिशवी सांभाळत असतो. सगळ्यात संथ आणि अंतर्मुख गाणं दोन्ही बाजूंत सहाव्या जागी चांगलं बसतं, तोपर्यंत कान स्थिरावलेला असतो. सर्वांत आवडतं गाणं शेवटी ठेवायचा मोह आवरा. शेवटपर्यंत सगळे पोचत नाहीत. ते तिसऱ्या जागी ठेवा.

आता लय. घड्याळ लावून १५ सेकंदांत पडणारे ठोके मोजा आणि चाराने गुणा. एकाच गाण्याचे ७० आणि १४० असे दोन्ही आकडे येऊ शकतात; चालताना पाय ज्या ठोक्यावर पडेल तो आकडा धरा. शेजारच्या दोन गाण्यांत लयीचा मोठा फरक चालतो, अगदी थोडा फरक खटकतो. १००नंतर १०६चं गाणं आलं की कान आधीचाच ठोका धरून बसलेला असतो आणि पहिल्या ओळीला अडखळतो. १००नंतर ७५ किंवा १३० आलं तर तो नव्याने ठोका पकडतो. तालाचंही तसंच आहे. आपली बहुतेक गाणी आठ मात्रांच्या केरव्यात असतात. सलग चार झाली की झुलायला सहा मात्रांचा दादरा किंवा सात मात्रांचं रूपकातलं काही मध्ये घाला.

पट्टी, म्हणजे गाण्याचा सा हार्मोनियमच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर आहे ते, तपासणं हे काम बहुतेक जण टाळतात आणि दोन चांगली गाणी शेजारी शेजारी का खुपतात ते त्यांना कळत नाही. हार्मोनियम असेल तर उत्तम, नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप घ्या. गाण्याचा मुखडा जिथे विसावतो तो स्वर गुणगुणा, तो तानपुऱ्याशी जुळवा, पट्टी लिहून ठेवा: काळी एक, पांढरी चार, काळी पाच, जी असेल ती. काळी एकनंतर काळी एकच किंवा तिच्या पंचमाची काळी चार, मध्यमाची काळी तीन आली तर जोड सहज लागतो. अर्ध्या स्वराने वर, म्हणजे काळी एकनंतर पांढरी दोन, हे उचलल्यासारखं वाटतं आणि काही ठिकाणी छान दिसतं. अर्ध्या स्वराने खाली, काळी एकनंतर पांढरी एक, मात्र सूर उतरल्यासारखा लागतो. पुढचा गायक चोख गात असला तरी पहिल्या दोन ओळी बेसूर वाटतात. जागा बदलणं शक्य नसेल तर मध्ये तालवाद्याने सुरू होणारं गाणं टाका. तेही नसेल तर चार सेकंदांची शांतता ठेवा, म्हणजे आधीचा षड्ज कानातून जातो. जुन्या ध्वनिमुद्रणांची पट्टी दोन स्वरांच्या मध्येच सापडते, कारण टेपचा वेग थोडा मागेपुढे झालेला असतो. अशा गाण्याच्या आधी शांतता हवीच.

क्रम लागला की सगळं सलग ऐकण्याआधी फक्त सांधे ऐका: प्रत्येक गाण्याचे शेवटचे वीस सेकंद आणि पुढच्याचे पहिले वीस. सतरा सांधे, बारा मिनिटांचं काम. बहुतेक दुरुस्त्या इथेच होतात. हे ऐकताना अ‍ॅपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय) आणि शफल बंद आहे ना ते बघा. क्रॉसफेड चालू राहिला तर शेवटची सम पुढच्या गाण्याखाली दबते.

आवाजाची पातळी आणि फाइली

लिंक पाठवून काम भागणार असेल तर हा भाग सोडून द्या. अ‍ॅप स्वतःच पातळी सारखी करतं, फक्त ‘नॉर्मलायझेशन’ चालू असू द्या. गाडीत किंवा आजीच्या म्युझिक सिस्टिमवर वाजवायचं असेल तर फाइली लागतात.

अ‍ॅपमधली डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात, पेन ड्राइव्हवर वाजत नाहीत. आयट्यून्स स्टोअरवरून किंवा स्वतंत्र कलाकारांच्या बाबतीत बँडकँपवरून विकत घ्या. बँडकँप डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवतं, आणि ठरावीक ‘बँडकँप फ्रायडे’ला आपला वाटा सोडतं, यादीतल्या छोट्या कलाकारांची खरेदी त्या दिवशी करा. यूट्यूबवरून आवाज ओढून काढू नका. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय आधीच दाबलेला आवाज पुन्हा एमपीथ्री करताना आणखी बिघडतो. झांजांत आणि सतारीच्या ‘झाला’ या जलद भागात ते लगेच कळतं.

आजची चित्रपटगीतं फार मोठ्या आवाजात तयार होतात, गझल आणि अभंग बरेच खाली असतात. पातळी सारखी करताना हळू गाणी वर ओढण्यापेक्षा मोठी खाली आणा. वर ओढलेल्या गाण्याचे उंच क्षण कापले जातात आणि तान फाटते. खाली आणलेल्याचं काही बिघडत नाही. फाइली एमपीथ्री असतील तर एमपीथ्रीगेन हे मोफत साधन वापरा. ते गाणं नव्याने दाबत नाही, फक्त आवाजाचा आकडा दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतं. त्याचं ठरलेलं ८९ डेसिबलचं लक्ष्य तसंच राहू द्या. दुसऱ्या प्रकारच्या फाइली असतील तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या साधनात एकेक ट्रॅक निवडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ उणे १८वर लावा आणि ‘शो क्लिपिंग’ चालू करून लाल रेघा दिसतात का ते बघा.

३२० केबीपीएसला एमपीथ्री मिनिटाला सुमारे २.४ एमबी होते, म्हणजे पूर्ण यादी १८० एमबीच्या आत. पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या आणि एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा. जुन्या कार स्टिरिओंना दुसरं चालत नाही. फाइलींची नावं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांनी सुरू करा, कारण अनेक स्टिरिओंवर देवनागरीच्या जागी चौकटी दिसतात. एक अंकी आकड्यांआधी शून्य लावा, नाहीतर पहिल्यानंतर थेट दहावं गाणं वाजतं. एवढं करूनही क्रम चुकला तर स्टिरिओ नावाऐवजी कॉपी केल्याचा क्रम बघतोय. सगळ्या फाइली पुसा आणि एकेक करून ओळीने पुन्हा टाका.

यादी पोचवणं

लिंकसोबत लेखी यादी हवीच. परवान्याची मुदत संपली की गाणी अ‍ॅपवरून नाहीशी होतात आणि प्लेलिस्टमध्ये नुसती करडी ओळ राहते, कधी तीही दिसत नाही. शिवाय निम्म्या मित्रांकडे दुसरं अ‍ॅप असतं. मेसेजमध्ये गाणं, गीतकार, संगीतकार, गायक, साल आणि तुमची ती एक ओळ लिहा. गाण्याचं नाव देवनागरीत आणि अ‍ॅपवर आहे त्याच रोमन स्पेलिंगमध्ये, दोन्ही द्या. ‘झ’ कुणी झेड-एच लिहितं, कुणी जे-एच, कुणी नुसता झेड. चुकीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला मूळ गाण्याऐवजी कुणाचं तरी कव्हर सापडतं. मेट्रो ३च्या भुयारात रेंजवर विसंबू नका, ऐकणाऱ्याला आधीच डाउनलोड करायला सांगा.

यादी ३१ डिसेंबरला बंद करा. जानेवारीत कुणी गेल्या वर्षाचं जबरदस्त गाणं ऐकवलं, आणि असं कुणीतरी ऐकवतंच, तर अठरांतलं एक काढून ते घुसवू नका. खाली ‘मागाहून’ असं लिहून तारखेसह नोंदवा.